जित्या बापाची कडू भाकर

कोमलनं जित्या बापाला मारलं, असं तुमी ऐकलं असंल. सेनगावात बसस्टँडवर कुणालाबी विचारा, हेच सांगतील, आणि सांगणाऱ्यातल्या एकानंबी ती कविता शेवटपर्यंत वाचलेली नसंल. मी वाचलीय. आमचं दोघींचं मिळून लेडीज टेलरचं दुकान हाय, मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसते, माझंबी माहेर तिच्याच गावचं, आणि जे काय झालं ते माझ्या डोळ्यांपुढं झालं. म्हून आता मी शिला सांगते ते ऐका, आणि मधात बोलू नका.

आधी बाई कशी हाय ते सांगते. नाव कोमल, पण ते नाव ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं देव जाणे. गिऱ्हाईक म्हणलं, ब्लाऊज घट्ट झाला, तर दुसरी शिवणारी म्हणंल, द्या ताई, उसवून देते. ही म्हणणार, माप देताना श्वास ओढून उभ्या होतात, आता सोडलात, त्याला मी काय करू? तरी बाया हिच्याकडंच येतात. मी शंभरदा सांगितलं, अगं गोड बोलावं जरा, गोड बोलायला काय पैसे पडतात? तर म्हणती, मला खोटं बोलायला एकच ठिकाण पुरे हाय. ते ठिकाण कोणतं, हे मला लई उशिरा कळलं.

शाळेत आमी एका बाकावर. कोमल मराठीत पयली. बाई तिला उभं करून कविता म्हणायला लावायच्या आणि आमी बाकीच्या मागं बसून चिंचा खायचो. तिचा बाप संतराम, आमी सगळी पोरं त्याला आबाच म्हणायचो, साधा शेतकरी माणूस, सोयाबीन-तूर करणारा. पोरीवर लई जीव. ओढ्याला पाणी असलं की तिला खांद्यावर बसवून शाळेत आणायचा आणि फाटकाशी सोडून म्हणायचा, "तू शीक. मी हाय." मला अजून ते ऐकू येतं. माझा बाप असं कधी म्हणला न्हाई, म्हून मला तिचा हेवा वाटायचा.

दहावी झाली. हिंगोलीला कॉलेजात घालायचं ठरलं. आणि त्याच उन्हाळ्यात सेनगावचं स्थळ आलं. पोराची स्वतःची जीप, मागणी काही न्हाई. भावकी ओसरीवर बसली, लहानथोर सगळ्यांनी शहाणपण शिकवलं, आणि आबा मान खाली घालून बसला. सोळा वर्सांची पोर बोहल्यावर उभी राहिली. कायदा? कायदा हिंगोलीत राहतो, आमच्या गावाला त्याची जीप येत न्हाई. दोन महिन्यांनी माझंबी तसंच झालं, पण मला कॉलेजात जायचं नव्हतं, म्हून मला कमी लागलं. तिला लागलं.

तिचा मालक वाईट न्हाई, हे आधीच सांगून टाकते, न्हाई तर तुमी मनात काहीबाही रचाल. सेनगाव-हिंगोली जीप चालवतो, पीत न्हाई, हात उचलत न्हाई. कविता त्याला कळत न्हाई, पण आडवाबी येत न्हाई. लेकरं शाळेत जातात. वरून बघितलं तर सगळं बराबर. आणि दर सणाला कोमल माहेरी जायची, आबा विचारायचा, बरी हायेस ना? ही म्हणायची, बरी हाय. झालं, एवढंच बोलणं. तेच ते खोटं बोलायचं एक ठिकाण.

आता फेसबुकचं सांगते. तिथं 'कवितेचा पार' म्हून एक ग्रुप हाय. नांदेडच्या राजनंदिनी मॅडम तो चालवतात. हजारो माणसं. कोण मास्तर, कोण नर्स, कोण घरी बसलेलं. पाराचा नियम असा, की आधी दुसऱ्यांच्या तीन कवितांना प्रतिसाद द्यायचा आणि मंगच आपली कविता टाकायची. हेतू चांगला होता, मॅडमला नावं ठेवत न्हाई. लिव्हणाऱ्याला वाटावं, कुणीतरी वाचतंय. पण माणसं ती माणसंच. आपल्याकडं आहेराचं जे झालं तेच ह्याचं झालं. तुमी माझ्या पोरीच्या लग्नात साडी नेसवली, मी तुमच्या पोरीच्या लग्नात नेसवते. ती साडी कुणी उलगडून बघतं का? आल्या घडीनं पुढच्या लग्नात जाते. तसं हे. वरच्या चार ओळी बघायच्या, खाली 'वाह', 'अप्रतिम', दोन फुलं, आणि पुढं. तीन आहेर झाले की आपला मांडव.

मी हे बोलते, पण खरं तेबी सांगितलं पाहिजे. कोमलच्या पयल्या कवितेला पयला प्रतिसाद आला तवा मी तिथंच होते. कविता होती उसवायच्या कामावर. कुणीतरी अनोळखी बाईनं लिव्हलं, वाह ताई, लिहीत राहा. कोमलनं मला फोन दाखवला. मंग परत दाखवला. मंग इस्त्री गरम व्हायची वाट बघत उभी राहिली आणि इस्त्रीचं बटन चालूच केलं नव्हतं. हसू नका. ज्या बाईला शाळा सुटल्यापासून 'भाजी छान झाली'च्या पुढं कुणी काही म्हणलं न्हाई, तिला ते एक 'लिहीत राहा' केवढं असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. घडीची का असंना, साडी ती साडी.

आणि एक माणूस तिथं खरा वाचणारा होता. भीमराज त्याचं नाव, एसटीत कंडक्टर, कळमनुरीकडचा. त्यानं कधी 'अप्रतिम' लिव्हलं न्हाई. तो विचारायचा. ताई, ही तिसरी ओळ रागात लिहिली का? असं एखादं वाक्य, बस. कोमल त्या वाक्यावर दिवसभर कात्री चालवायची. मी चिडवायची, कंडक्टरनं तिकीट फाडलं वाटतं आज. ती म्हणायची, तो एकटाच शेवटच्या स्टॉपपर्यंत येतो, बाकीचे पयल्या फाट्याला उतरतात.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. ब्लाऊजांचा ढीग पडलेला. एक बाई पोरीला घेऊन आली, नवरीचा ब्लाऊज शिवायचाय म्हणली. कोमलनं टेप घेतला, पोरीच्या खांद्याला लावला आणि हात तिथंच थांबला. पोर म्हणजे अजून शाळेच्या वेण्या घातलेलं लेकरू. कोमलनं पोरीला विचारलं, कितवीला हायेस? उत्तर आईनं दिलं, आता काय करायचंय कितवी, पंधरवड्यात लग्न हाय. कोमलनं टेप गुंडाळला. "मी न्हाई शिवणार," म्हणली. बाईनं विचारलं, काहून? ही म्हणली, माप लहान हाय. बाई फणफणत रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली आणि तिथं शिवून घेतला, ते मी बघितलं.

मी कोमलवर तापले. गिऱ्हाईक घालवायचा धंदा काढलाय का, म्हणलं. ती ऐकतच नव्हती. कापडाच्या ढिगावर बसली, फोन घेतला आणि एका बैठकीत लिव्हलं. मंग तीन लोकांच्या कविता मुळापासून वाचल्या, त्यांना प्रतिसाद दिले, नियम म्हणजे नियम, आणि आपली कविता पारावर टाकली. वर दिसत होत्या त्या ओळी अशा होत्या:

माझा बाप गेला त्या दिवशी
घरात कुणीच रडलं नाही.
ओसरीवर माणसं बसली होती,
दारात चपलांचा ढीग होता.

आणि त्याच्या खाली फेसबुकचं ते बारीक अक्षरातलं, 'आणखी पहा'.

कुणी पाहिलं न्हाई. पयलाच प्रतिसाद पडला, भावपूर्ण श्रद्धांजली. दुसऱ्यानं कविता बघितली का, न्हाई, पयल्याचं वाक्य बघितलं आणि हात जोडले. तिसऱ्यानं दुसऱ्याचं बघितलं. मंग काय, मेंढरं कुंपणातनं निघाली. देव मृतात्म्यास शांती देवो. आपल्या दुःखात सहभागी आहोत. एकानं पणतीचा फोटो टाकला. एका महाभागानं लिव्हलं, भावपूर्ण श्रद्धांजली, अप्रतिम, असंच लिहीत राहा. मी ते वाचून मशीनवर डोकं टेकून हसले. कोमलबी आधी हसली. मंग तिचं हसणं थांबलं.

तिनं खाली लिव्हलं, माझे वडील हयात आहेत, कृपया कविता पूर्ण वाचा. तर एका ताईनं लगोलग उत्तर दिलं, हो गं ताई, आईवडील आपल्या मनात कायम हयातच असतात, खचू नकोस. आता बोला. ह्या बाईला काय फोडून सांगायचं? कोमलनं परत लिव्हलं, ते परत फुलांखाली गाडलं गेलं.

तेवढ्यात भीमराजचा प्रतिसाद आला. ताई, शेवटपर्यंत वाचली. वडील जवळ असतील तर ही त्यांना वाचून दाखवा. इथल्या माणसांना नंतर सांगता येईल.

कोमलनं फोन पालथा ठेवला. मी म्हणलं, हा कंडक्टर येडा हाय का, बापाला कुणी असलं वाचून दाखवतं का? तिनं मशीनच्या सुईत धागा ओवायला घेतला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुटलं सगळं. कोमलचा भाऊ हरीश, त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, हिंगोलीला राहतो आणि त्यालाबी कवितेची खाज हाय. त्यालाबी तीन आहेर पुरे करायचे होते. त्यानं श्रद्धांजली टाकली आणि टाकल्यावर डोक्यात उजेड पडला, की हा तर आपल्या बहिणीचा सासरा. मंग फोन करून विचारावं की न्हाई माणसानं? न्हाई. आधी फोटो काढून सोयऱ्या-भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, खाली लिव्हलं, अत्यंत दुःखद. हरीश त्या वेळी सोयाबीन घेऊन मोंढ्यात, त्याचा फोन खिशात. आबा शेतात, त्याचा फोन घरी चार्जिंगला. भावकी पेटली.

कळमनुरीला आबाची बहीण असते, सुमनबाई आत्या. तिला कुणीतरी वाचून दाखवलं. आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत, सोयरे पिठलं-भाकर बांधून नेतात आणि घरच्यांना बळंच घास भरवतात, त्याला कडू भाकर म्हणतात, हे तुमाला माहीतच हाय. आत्यानं रडत रडत भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि जीप धरली. गावाच्या वळणावर जीप आली तर समोरून आबा. डोक्यावर कडब्याची पेंढी, चालून राहिला निवांत. आत्यानं जीपमध्येच हंबरडा फोडला. मंग उतरून भावाला अंगभर चाचपलं, जिता हाय ह्याची खातरी झाल्यावर दोन चापट्या मारल्या आणि परत गळ्यात पडून रडली. आबाला काही कळंना. पेंढी तशीच डोक्यावर.

दुपारी हरीशचा फोन आला. आवाज मलाबी ऐकू येत होता, एवढा मोठा. आत्ताच्या आत्ता ये, म्हणला, आणि येताना ती घाण पुसून ये. कोमल म्हणली, येते, पण पुसत न्हाई. तिच्या मालकानं सवाऱ्या उतरवल्या आणि जीप दुकानापुढं लावली. मी शटर ओढलं आणि बसले पुढं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या जागी एकट्या बाईला पाठवतात का?

वाटेत राजनंदिनी मॅडमचा मेसेज आला. लई गोड भाषेत होता, गोड भाषेतलं विष मला लांबून वास देतं. लोकांनी मनापासून श्रद्धांजली वाहिली, आता वडील जिवंत असल्याचं कळून अनेक सदस्यांच्या भावना दुखावल्या आहेत. तरी कविता काढून टाकावी आणि माफी लिहावी, अन्यथा पारावरून कमी करावं लागेल. मी दोनदा वाचलं. म्हणजे माणूस जिता निघाला म्हून लोकांना वाईट वाटलं. मी कोमलला म्हणलं, आता आबाला मरावंच लागतंय, पार नाराज झालाय. तिला हसू आलं न्हाई. तिला तो पार लई प्रिय होता, हे मला ठाऊक होतं. तिथंच तिला पयल्यांदा कुणीतरी 'लिहीत राहा' म्हणलं होतं.

घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. ओसरीवर भावकी बसलेली, त्याच ओसरीवर. आबा खांबाला टेकून. सखुबाई काकू, म्हणजे कोमलची माय, दाराच्या चौकटीत पदर तोंडाला लावून. आत्याच्या मांडीवर भाकरीचं फडकं, गाठ सोडलेली न्हाई. कोमलला बस म्हून कुणी म्हणलं न्हाई. मीच तिला खाली बसवली आणि तिच्या बाजूला बसले.

हरीशनं सुरुवात केली, तो थांबेचना. जित्या बापाला मारलंस, सोयऱ्यात आमचं नाक कापलंस, फेसबुकवर नाचतीस. शेवटी म्हणला, कविता पूस, माफी लिव्ह, आणि मायच्या गळ्याची शपथ घे, की परत लिव्हणार न्हाई. न्हाई तर ह्या घराचं दार तुला बंद. म्हणजे बघा, तिकडं मॅडम पारावरून काढून राहिल्या, इकडं भाऊ माहेरातून. दोघांचं मागणं एकच.

भावकीतला एक म्हातारा चुलता होता, त्याला भांडण मिटवायचं होतं. त्यानं तोडगा काढला, आणि तोडगा वाईट नव्हता. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला की जुनी माणसं काय करतात? तो मेला अशी खोटी खबर सोयऱ्यांत धाडतात. सोयरे रडतात, आणि आलेलं मरण त्या रडण्यावर टळतं. चुलता म्हणला, सांगून टाकू, संतरामला शेतात कावळा शिवला होता, म्हून पोरीनं खबर सोडली. बापाचं आयुष्य वाढावं म्हून केलं. सगळ्यांचं नाक राहतंय.

ओसरीवर सगळ्यांचे खांदे सैल झाले. आत्या तर लगेच म्हणली, व्हय व्हय, मी एवढी रडले, आता ह्याला शंभर वर्सं मरण न्हाई. हरीशलाबी पटलं. खरं सांगते, मलाबी पटलं. मी कोमलला कोपरानं ढोसलं, की व्हय म्हण आणि सुट. फक्त तिनं मान हलवायची होती.

"कावळा शिवला न्हाई," कोमल म्हणली. "मी लिव्हलं."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती उठून उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, गिऱ्हाइकाला सांगती तसाच सरळ होता. म्हणली, मी अपशकुन टाळायला लिव्हलं न्हाई आणि गंमत म्हून बी लिव्हलं न्हाई. तुमी सगळे मला शिक्षा द्यायला बसलात आणि तुमच्यातल्या एकानंबी ती वाचलेली न्हाई. तिकडच्यांनी न वाचता फुलं टाकली, तुमी न वाचता दगड घेतले. आधी ऐका, मंग दार बंद करा. आणि मंग ती बापाकडं वळली.

"आबा, तुमच्यावर हाय. ऐकता का?"

हरीश मधात पडला, तसा आबानं हात वर केला. "वाच," म्हणला.

तिनं वाचली. पयल्या चार ओळी मी वर सांगितल्या. पुढच्या ह्या:

त्या ढिगात माझी चप्पल नव्हती,
मी दाराआड उभी होते.
ओसरीवर माझं ठरत होतं.
वाट बघत होते, एक माणूस
"मी हाय" म्हणेल म्हणून.
तो सुपारी फोडत होता.

दप्तर माळ्यावर गेलं,
मी बोहल्यावर गेले,
बाप त्याच्या आधीच गेला होता.

आता त्याच्यासारखा दिसणारा एक म्हातारा आहे.
सणाला गेले की विचारतो, बरी हायेस ना?
मी म्हणते, बरी आहे.
मेलेल्या माणसाशी खोटं बोललं
तर पाप लागत नाही.

चुलता आपल्या हाताच्या नखांकडं बघत होता. त्या दिवशीच्या सुपारीला तोबी बसला होता, बसलेल्यातले निम्मे तेच होते. सखुबाई काकू चौकटीतनं आत गेली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. हरीश म्हणला, बघितलं का, बघितलं का काय लिव्हलंय, पण त्याला कुणी साथ दिली न्हाई.

मला वाटलं, आता म्हातारा उठंल आणि एक ठेवून देईल. न्हाई तर रडंल. त्यानं दोन्हीतलं काही केलं न्हाई. त्यानं बहिणीपुढं हात केला.

"सुमन, ती भाकर सोड."

आत्या म्हणली, अरे, ही कडू भाकर हाय, जित्या माणसाच्या घरी सोडत न्हाईत, मी वाटेत गाईला घालणार होते. आबानं फडकं तिच्या मांडीवरून घेतलं आणि स्वतः गाठ सोडली. भाकर मोडली, वर पिठलं घेतलं आणि घास कोमलपुढं धरला.

"तुझा बाप गेला तवा तुला कुणी कडू भाकर आणली न्हाई," म्हणला. "ही घे."

मला रडू आलं, सांगायला लाज कशाची. आत्याबी रडली, आणि या वेळी तिला कुणी मेल्याचं सांगितलं नव्हतं. कोमल रडली न्हाई. तिनं तो घास बापाच्या हातातनंच तोंडात घेतला. सकाळची भाकर, थंड झालेली, तिला गिळायला तकलीफ झाली. आबानं तांब्या पुढं सरकवला. तिनं पाणी पिलं आणि दुसरा घास आपल्या हातानं घेतला.

हरीशनं अजून एकदा तोंड उघडलं. आबा, म्हणला, आता तरी तिला पुसायला सांगा. आबानं त्याच्याकडं बघितलंबी न्हाई. म्हणला, ती पुसणार न्हाई. तुला वाचता येतं, तवा तू बी एकदा वाच. आणि ह्या घराचं दार कुणाला बंद करायचं ते माझं मी बघतो, मी आत्ताच मेलेला हाय, मला कुणाची भीती? चुलता हसला आणि मंग हसू गिळून पायात चपला शोधायला लागला. एकेक करून भावकी उठली.

कोमलनं तिथंच ओसरीवर बसून मॅडमला उत्तर लिव्हलं. मी खांद्यावरून वाचत होते. मॅडम, श्रद्धांजली बराबर आहे, ती परत घेऊ नका. फक्त लोकांना मयत उशिरा कळलं. माफी लिहिणार नाही. पाठवलं, आणि आमचा चहा व्हायच्या आत पारावरून ती कमी झाली. तिनं फोन मला दाखवला. वाईट वाटलं तिला, का वाटू नये? तीन वर्सं त्या पारावर बसलेली बाई. मंग तिनं तीच कविता फेसबुकच्या आपल्या स्वतःच्या भिंतीवर टाकली, एक ओळ न बदलता. खाली पयला प्रतिसाद भीमराजचा. वाचून दाखवली का? कोमलनं लिव्हलं, दाखवली.

दिवस कलायला लागला. तिच्या मालकानं जीप वळवून लावली, त्याला सहाच्या सवाऱ्या गाठायच्या होत्या. मी पुढं बसले. कोमल एक पाय पायरीवर ठेवून उभी, आणि आबा सवयीनं फाटकापर्यंत आला. सवयीनंच त्यानं विचारलं, दर सणाला विचारतो तसं.

"बरी हायेस ना?"

कोमलनं पाय पायरीवरून खाली घेतला.

"न्हाई," म्हणली. "बरी न्हाई, आबा."

म्हाताऱ्यानं ओसरीकडं हात केला. "मंग बस," म्हणला. "सांग. मी हाय."

कोमल तिथंच राहिली. आमी दोघंच जीपमधून परत आलो. तिच्या मालकानं अर्ध्या वाटेत मला विचारलं, शिलाताई, त्या कवितेत मी हाय का? मी म्हणलं, घरी गेल्यावर शेवटपर्यंत वाचा आणि तुमीच बघा.

दुसऱ्या दिवशी दुकान मी एकटीनं उघडलं. लग्नसराईचा ढीग, आणि ही बया माहेरी. एक बाई ब्लाऊज टाकायला आली, कोमल कुठंय म्हणली. मी सांगितलं, बापाकडं गेलीय. तिनं तोंडावर हात ठेवला. अगं पण तिचा बाप तर गेला म्हणे ना, मी स्वतः श्रद्धांजली लिव्हलीय.

"गेला होता," मी म्हणलं. "तुमी श्वास सोडून उभ्या राहा, मला माप घेऊ द्या."